दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

डहाणू तालुक्यातील वाढवण, वरोर, चिंचणी या किनाऱ्यावरील गावांत डायमेकिंगचा धंदा घरोघरी चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी कोरून साचा तयार करायचा आणि त्या साच्यावर पत्रा दाबून दागिन्याचा ठसा उठवायचा, असे हे काम. ठसा नीट उठला नाही की सराफ डाय परत पाठवतो. मग कारागीर आणि सराफ यांच्यात एकच गोष्ट ठरवायची असते. चूक कोणाची? कारागिराचा हात चुकला असेल तर तो पदरमोड करून डाय पुन्हा करून देतो. पोलादच खराब निघाले असेल तर पोलाद विकणाऱ्याला धरले जाते. सराफाने मागाहून नमुना बदलला असेल तर नव्या कामाची नवी मजुरी. हा नियम कोणत्याही बिलावर छापलेला नसतो. पण देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तो पाठ असतो, म्हणूनच धंदा चालतो.

हा नियम आज आठवण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या ओळखीच्या एका कारागीर कुटुंबातील विवाहित स्त्रीच्या छातीच्या दोन बाजूंत वयात आल्यापासून ठळक फरक होता. तिने आणि तिच्या पतीने खूप विचार करून मुंबईत कॉस्मेटिक सर्जरी करून घेतली. भिशीचे पैसे आणि थोडी उसनवारी असा खर्च उभा केला. शस्त्रक्रियेनंतर फरक गेला नाही. एक बाजू वर ओढलेली आणि कडक झाली. विचारायला गेल्यावर 'सूज उतरू द्या, सहा महिने थांबा' असे उत्तर मिळाले. सहा महिन्यांनी पुन्हा गेल्यावर सांगण्यात आले की, डॉक्टर आपली फी घेणार नाहीत, पण ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ, खोली आणि नवे इम्प्लांट यांचे पैसे भरावे लागतील. ती रक्कम पहिल्या खर्चाच्या निम्म्याहून अधिक होती. हे आधी का सांगितले नाही, असे पतीने विचारले तेव्हा 'आमचा रिव्हिजनचा नियमच तसा आहे' एवढेच उत्तर मिळाले. तो नियम त्यांना कोणी दाखवला नव्हता, आणि त्यांनीही तो मागितला नव्हता. भरलेल्या रकमेपैकी निम्म्याचीच पावती हातात होती. 'लिहा, पण आमचे नाव-गाव येऊ देऊ नका,' असे त्यांनी बजावले आहे.

विषय नाजूक आहे आणि व्यापाराच्या पानावर तो कशाला, असे काही वाचकांना वाटेल. अशी शस्त्रक्रिया शरीअतच्या दृष्टीने कधी योग्य आणि कधी नाही, व्यंग दूर करणे आणि केवळ शोभेसाठी बदल करणे यांत फरक काय, हे उलेमांनी सांगायचे आहे. तो अधिकार आमचा नाही. येथे मुद्दा व्यवहाराचा आहे. हजारोंची, बहुधा लाखांची रक्कम आगाऊ दिली जाते, माल परत करता येत नाही, आणि काम बिघडले तर पुढे काय हे ठरलेले नसते. असा व्यवहार आपल्यापैकी कोणी पोलादाच्या, कापडाच्या किंवा लाकडाच्या बाबतीत करील काय? शिवाय हा केवळ स्त्रियांचा प्रश्न राहिलेला नाही. छातीची अवाजवी वाढ झालेले तरुण मुलगेही या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यांत जातात आणि घरी कोणाला न सांगता पैसे भरतात. डहाणूहून मुंबई लोकलच्या टप्प्यात आहे, वापी-सुरतही दूर नाही. जाहिरात मोबाईलवर घरातच येते.

डॉक्टर हमी का देत नाहीत?

प्रथम डॉक्टरांची बाजू समजून घेतली पाहिजे. डाय आणि शरीर यांत मोठा फरक आहे. पोलाद कारागिराच्या हाताखाली निमूट राहते. शरीर आपल्या परीने भरून येते. एकाच डॉक्टरने एकाच पद्धतीने केलेल्या दोन शस्त्रक्रियांचा परिणाम दोन व्यक्तींत वेगळा दिसतो. इम्प्लांट बसवल्यावर शरीर त्याभोवती एक आवरण तयार करते. कोणाच्या बाबतीत ते मऊ राहते, तर कोणाच्या बाबतीत आकसून कडक होते. यात प्रत्येक वेळी डॉक्टरची चूक असतेच असे नाही. सूज उतरून अंतिम आकार दिसायला महिने लागतात, हेही खरे आहे. घाईने पुन्हा चाकू लावणे धोक्याचे असते.

त्यामुळेच वैद्यकीय नीतिनियम निकालाच्या हमीवर फी ठरवू देत नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ मध्ये केलेले आचारनियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते स्थगित होऊन जुनेच पुन्हा लागू झाले. 'गुण आला तरच पैसे' असा करार करणे या नियमांनी अनुचित ठरवले आहे. तेव्हा 'शंभर टक्के रिझल्टची गॅरंटी' अशी जाहिरात करणारा दवाखाना दिसला तर तेथूनच सावध व्हावे. मात्र त्याच नियमात दुसरेही एक वाक्य आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. डॉक्टरने आपली फी उपचारापूर्वी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर किंवा संपल्यावर नव्हे. आमच्या मते वादाचे मूळ येथेच आहे. निकालाची हमी देता येत नाही हे मान्य. पण निकाल बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कोण भरणार, हे आधी सांगायला कोणाची हरकत असावी?

दुरुस्तीची वेळ क्वचितच येते, असेही नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, केवळ आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या सुमारे पाचांपैकी एका स्त्रीला दहा वर्षांच्या आत ते काढावे लागते. कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या स्त्रियांत हे प्रमाण दोघींत एक असे आहे. इम्प्लांट जन्मभरासाठी नसते, असे ते प्रशासन स्पष्ट सांगते. म्हणजे आज जो खर्च सांगितला जातो, तो पहिला हप्ता समजावा. यंत्र घेताना आपण देखभालीचा खर्च विचारतो. येथे मात्र तो कोणी विचारत नाही.

तीन चुका, तीन खिसे

डायच्या धंद्यात आपण जशी चूक निवडून काढतो, तशीच ती येथेही निवडता येते.

पहिली चूक मालाची. फ्रान्समधील 'पी. आय. पी.' या कंपनीने वैद्यकीय सिलिकॉनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरून इम्प्लांट जगभर विकले. २०१० मध्ये हे उघडकीस आले. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे ३०,००० स्त्रियांना ते बसवले गेले होते. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण कंपनी आधीच बुडाली होती. इम्प्लांट तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या जर्मन संस्थेला जबाबदार धरण्यासाठी स्त्रियांना वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. त्यानंतर २०१९ मध्ये 'अॅलर्गन' कंपनीने खडबडीत पृष्ठभागाचे एका प्रकारचे इम्प्लांट जगभरातून मागे घेतले, कारण त्यांचा संबंध एका दुर्मीळ कर्करोगाशी आढळला होता. ते काढून दुसरे बसवू इच्छिणाऱ्यांना कंपनीने गुळगुळीत इम्प्लांट विनामूल्य देऊ केले. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र रुग्णावरच राहिला. माल बदलून मिळाला, मजुरी ग्राहकाच्या माथी! कंपनीच्या वॉरंटीचा कागद वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. इम्प्लांटचा क्रमांक आणि लॉट नोंदवलेले कार्ड हाती नसेल तर तो कागदही उपयोगी पडत नाही.

दुसरी चूक हाताची. नको तेथे छेद, चुकीचा आकार, स्वच्छतेत हयगय, वेळेवर न पाहिलेली जखम. यात कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाला अपघात झाला आणि पुण्यात त्याच्यावर उपचार झाले. त्यातून उद्भवलेल्या जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची जबाबदारी सांगितली. रुग्ण घ्यावा की नाही, उपचार कोणता करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतीत डॉक्टरने वाजवी कौशल्य आणि काळजी दाखवली पाहिजे. सर्वोच्च दर्जाचे कौशल्य कायदा मागत नाही. म्हणून 'मनासारखे दिसत नाही' एवढ्यावर निकाल मिळत नाही. हयगय दाखवावी लागते, आणि त्यासाठी बहुधा दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत लागते.

तिसरी बाब चूक म्हणता येणार नाही अशी: शरीराचा स्वभाव. आवरण कडक झाले, व्रण जाड आला, वजन बदलल्याने आकार बदलला. येथे दोष कोणाचाच नाही, पण खर्च तर आहेच. खरा वाद याच प्रकारात होतो. ग्राहक समजतो की डॉक्टरने भरावे, डॉक्टर समजतो की ग्राहकाने भरावे, आणि कागदावर काहीच नसते. याच्याच शेजारी ग्राहकाच्या अपेक्षेचा प्रश्न आहे. नटनट्यांचे फोटो दाखवून 'असे करा' म्हणणारे गिऱ्हाईक आणि मागाहून नमुना बदलणारा सराफ यांत फरक नाही. त्याची मजुरी ज्याने त्याने द्यावी.

'रिव्हिजन पॉलिसी' या एका शब्दात दवाखाने हे सगळे एकत्र कोंबतात. 'फ्री रिव्हिजन' म्हणजे बहुधा फक्त सर्जनची फी माफ. चार जणांच्या मजुरीपैकी एकाची मजुरी सोडली, याला फुकट म्हणत नाहीत. आपल्या कारखान्यात जॉबवर्क देणारा प्रत्येक जण हा हिशोब ओळखतो.

कायदा काय देतो

डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात दिला. आता १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपल्यासारख्या गावाकडच्या ग्राहकासाठी त्यात एक मोठी सोय आहे. तक्रार आता आपण जेथे राहतो किंवा कामधंदा करतो त्या जिल्ह्यातही करता येते. दवाखाना मुंबईत असो वा सुरतेत, वाढवणच्या माणसाला त्याच्या दारात खेटे घालण्याची गरज नाही. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून 'थांबा, पाहू' या उत्तरावर तारीख लिहून ठेवावी. काय करावे हे सुचत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर विचारता येते. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. तिचेही मार्गदर्शन घ्यावे.

आणखी काही हक्क आहेत. आपले वैद्यकीय कागद मागितल्यावर ७२ तासांत मिळाले पाहिजेत. डॉक्टरने ते तीन वर्षे जपले पाहिजेत. शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि नंतरचे फोटो आपल्या परवानगीविना छापता येत नाहीत. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती इतरांना उघड करणे, बिल न देणे, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापार ठरवल्या आहेत. एकतर्फी, अन्यायकारक करार रद्द करण्याची तरतूदही या कायद्यात प्रथमच आली. मात्र ती तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे किंवा राष्ट्रीय आयोगाकडे करावी लागते.

बिलाचा मुद्दा व्यापाऱ्यांना वेगळा समजावून सांगायला नको. आजारावरील उपचारांना जी. एस. टी. माफ आहे, कॉस्मेटिक सर्जरीला नाही. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, इजा यांमुळे करावी लागणारी पुनर्रचना तेवढी वगळली आहे. म्हणून 'बिल नको असेल तर थोडे कमी करतो' असा देकार येतो. तो स्वीकारला की कर वाचतो, आणि त्याबरोबर पुरावाही जातो. ओळखीच्या त्या कुटुंबाचे नेमके हेच झाले. मेडिक्लेमवर तर विसंबूच नये. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज यांसाठी असेल तेवढेच. शोभेसाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपन्या देत नाहीत, आणि तिच्या दुरुस्तीसाठीही त्यांचे दार उघडे आहे असे समजू नये.

बयाणा देण्यापूर्वी

बयाणा देण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर घ्याव्यात, असे आमचे सांगणे आहे.

१. एकूण खर्चाची फोड: सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, इम्प्लांट, औषधे, कर.

२. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक. भेटीला एक आणि चाकू धरायला दुसरा, असे होऊ नये.

३. दुरुस्ती लागली तर वरील फोडीतील कोणते पैसे माफ, कोणते भरायचे, आणि ही सवलत किती महिने किंवा वर्षे.

४. कोणत्या तक्रारी दुरुस्तीस पात्र धरल्या जातील आणि कोणत्या नाहीत. 'डॉक्टरांच्या मते' एवढेच लिहिले असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत धरले जाईल की नाही.

५. इम्प्लांटचे कार्ड, कंपनीची वॉरंटी आणि तिच्या अटी.

६. सर्व रकमेचे पक्के बिल.

हे मागितल्यावर जो डॉक्टर रागावेल त्याच्याकडून उठून यावे. चांगला सर्जन रागावणार नाही, कारण लेखी अट त्याचेही रक्षण करते. देण्याघेण्याचे लिहून ठेवावे ही शिकवण आपल्याला नवी नाही. आपण ती वहीपुरती ठेवली आणि दवाखान्याच्या दारात विसरलो.

गप्प राहण्याची किंमत

अशा दवाखान्यांना सर्वांत मोठे संरक्षण कायद्याचे नाही, आपल्या संकोचाचे आहे. खराब मिक्सर मिळाला तर माणूस चौकात ओरडतो. येथे पती सासऱ्याला सांगत नाही, मुलगा बापाला सांगत नाही. अब्रूचा प्रश्न खरा आहे आणि आम्ही त्याला हसत नाही. पण अब्रू राखायची आणि नुकसानही भरून घ्यायचे, तर आधीचा लेखी कागद हाच उपाय उरतो. कागद असेल तर आवाज चढवावा लागत नाही. नोटीस पाठवून बहुतेक गोष्टी दोघांतच मिटू शकतात. ज्यांच्या घरात हे घडले आहे त्यांना बोल लावणाऱ्यांनीही जरा थांबावे. ती बाई पैसे भरून फसली आणि वर टोमणेही तिनेच ऐकायचे, हा न्याय नव्हे.

सरकारकडेही मागणी आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात लावण्याचा नियम आहे. त्या दरपत्रकात कॉस्मेटिक शस्त्रक्रियेच्या दुरुस्तीच्या अटींची एक ओळ सक्तीची करावी. २०१९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ग्राहक संरक्षण परिषद असावयाची आहे. पालघरच्या व्यापारी आणि कारागीर संघटनांनी हा विषय तेथे मांडावा. बंदराच्या प्रश्नावर एकत्र बसणारे लोक यासाठीही तासभर एकत्र बसू शकतात.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याला उद्देशून आहे. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या दुकानाचे बिलबुक उघडून पाहा. तळाशी 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापलेले आहे काय? सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे हा कायद्याने अनुचित व्यापार आहे. म्हणजे दवाखान्याच्या ज्या ओळीवर आपण चिडतो, तीच ओळ आपल्या बिलावर आपण वर्षानुवर्षे छापत आलो आहोत. शिंप्याने कापड चुकीचे कापले, सुताराने दाराचे माप चुकवले, तर भरपाई कशी, हे आपल्याही गिऱ्हाइकाला आधी सांगितलेले नसते.

तेव्हा सुरुवात येथूनच व्हावी. पुढचे बिलबुक छापायला देताना ती ओळ काढावी आणि तिच्या जागी दोन ओळी घालाव्यात: आमची चूक असेल तर अमुक दिवसांत विनामूल्य दुरुस्ती, गिऱ्हाइकाने नमुना बदलल्यास जादा मजुरी. वाढवणचा डायमेकर हे तोंडी पाळत आलाच आहे. ते लिहून देणाऱ्या व्यापाऱ्याला डॉक्टरसमोर बसून लेखी अट मागताना मान खाली घालावी लागणार नाही.